मदत हवी आहे : गावरान कोंबड्यांचे किडे आणि जंत, झाडपाल्याने जातील का?

नमस्कार मंडळी. आम्ही संगमेश्वर तालुक्यातले. चाळीसेक गावरान आणि थोड्या गिरिराज कोंबड्या आहेत, दिवसभर परसात मोकळ्या, रात्री लाकडी खुराड्यात. पाऊस लागल्यापासून दोन तक्रारी आहेत. खुडूक कोंबड्या अंड्यांवरून उठून पळतात, तुरे फिके पडलेत आणि सकाळी खुराड्यात हात घातला की तांबूस बारीक किडे हातावर चढतात. शिवाय काही तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) भरपूर खाऊनही वाळत चालल्यात, विष्ठेत तांदळाच्या कणीसारखं पांढरं दिसतं.

अंडी घरी आणि शेजारीपाजारी जातात, म्हणून औषध शक्यतो नको. सासूबाई म्हणतात निरगुडीचा पाला अंथर. शेजारचे काका तंबाखूचं पाणी मारायला सांगतात. शिवाय सीताफळाच्या बिया, पपईच्या बिया, पळसपापडी (पळसाच्या बिया)... उपाय सगळ्यांना ठाऊक, प्रमाण विचारलं की "मूठभर". कुणाची मूठ?

कुणी स्वतः वापरलं असेल तर कृपया सांगा. महिन्याभराची पिल्लंही आहेत, त्यांना चालेल का?

प्रतिसाद :
ताई, ते तांबूस किडे म्हणजे लाल माइट. रात्री रक्त पितात, दिवसा फटीत लपतात. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बसायच्या काठीची खालची बाजू बघा, खात्री पटेल. म्हणून औषध कोंबडीला नाही, लाकडाला करायचं. खुराडं रिकामं करून फटींत उकळतं पाणी ओता. वाळलं की लिटरभर कोमट पाण्यात २० मिली करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून घुसळा आणि फटीफटीत मारा. आठवड्याने पुन्हा, आणि त्यानंतरही एकदा, कारण उन्हापावसाच्या उबेत यांची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. खुराडं नुसतं रिकामं ठेवून उपयोग नाही, उपाशी राहून ते कित्येक महिने काढतात. निरगुडी अंथरा, पण पाला रोज बदला. ओला पाला कुजला तर नवीनच त्रास.

तंबाखू नको. निकोटीन कातडीतून अंगात जातं, कोंबडी दगावते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर तुमचेही डोळे जातील, तीही नको.

कणीसारखं दिसतं ते बहुधा पट्टकृमीचे, म्हणजे चपट्या जंताचे तुकडे. मुंग्या आणि शेणातले भुंगे कोंबडीने खाल्ले की तो तिच्या पोटात जातो, म्हणून उकिरडा खुराड्यापासून लांब न्या. पपईच्या बिया, पळसपापडी लोक गोल जंतांसाठी देतात, यावर भरवसा ठेवू नका. सुपारीने पट्टकृमी सुटतो खरा, पण औषध आणि विष यांत फार थोडं अंतर आहे. दुकानातलं जंतांचं औषध पायपराझीन, तेही गोल जंतांचंच. ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, अंडी किती दिवस खायची नाहीत तेही तिथेच विचारा.

पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर हळद-कडुनिंब करत बसू नका. ती रक्ती हगवण, त्याच दिवशी डॉक्टरांकडून अ‍ॅम्प्रोलियम घ्या. खाली अंथरलेलं तूस कोरडं ठेवा, ओलाव्यात तिचे जंतू दोन दिवसांत तयार होतात.

धागाकर्ती :
खूप आभार. रात्री बॅटरी मारली, काठीच्या टोकाशी गुच्छच होते! काठी पोकळ बांबूची आहे. आत तेल कसं घालू?

प्रतिसाद :
घालू नका, जाळून टाका. भरीव लाकडाची बसवा, आणि टोकं भिंतीला टेकू देऊ नका.