बबल टिप ॲनिमोनी कापायची तर तोंडातूनच कापा
एकांनी विचारलंय की बबल टिप ॲनिमोनीचा (खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) कडेचा तुकडा कापून त्यापासून नवीन ॲनिमोनी वाढवता येईल का, तर प्लीज तसं नका करू. धारदार नवीन ब्लेड बरोबर तोंडाच्या मधून खाली पायापर्यंत एका दमात गेलं पाहिजे, म्हणजे दोन्ही अर्ध्यांना तोंडाचा भाग मिळतो. कात्री नको, चिरडते. मी कापली तेव्हा दोन्ही भाग आक्रसून गोळा झाले, बुळबुळीत स्राव सुटला, माझाच जीव कासावीस झाला, पण तीन-चार दिवसांत कडा आत वळून एकमेकींना चिकटल्या. तोवर खायला देऊ नका आणि वेव्हमेकरला (टँकमधलं पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाला) जाळी लावा, सुटा तुकडा आत ओढला गेला तर संपलंच. आणि हो, नुकतीच आणलेली किंवा फिकट पडलेली असेल तर ब्लेड लावूच नका, आधी तिला टँकमध्ये नीट रुळू द्या.