मदत हवी आहे : १९६९ ची मस्टँग आहे तशी विकावी की दुरुस्त करून?

नमस्कार. नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या जुन्या बंगल्याच्या शेडमध्ये वडिलांची १९६९ ची फोर्ड मस्टँग मॅक १ कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे आणि आता ती विकण्याचा निर्णय आम्ही भावंडांनी घेतला आहे. चासी क्रमांकातील पाचवे अक्षर ‘एच’ आहे, म्हणजे ३५१ घनइंचांचे, सुमारे ५.८ लिटरचे व्ही-८ इंजिन कारखान्यातूनच बसवलेले. इंजिन जाम झालेले नाही. मात्र चालकाच्या पायाखालचा पत्रा इतका गंजला आहे की रबरी मॅट उचलली की शेडची फरशी दिसते. सातपूरचे एक गॅरेजवाले सगळा पत्रा बदलून नवा रंग देण्याचा आग्रह धरतात. मला ते पटत नाही, कारण गाडीचे मूळपण गेले तर जाणकार ग्राहकही जाईल.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नवी नोंदणी २०,००० रुपये शुल्क भरून ‘व्हीए’ मालिकेत होते, परंतु चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. ही नोंदणी आम्ही करावी की खरेदीदारावर सोपवावी? आरसी अजून वडिलांच्याच नावावर आहे, हेही सांगायला हवे. नाशिक किंवा पुण्यात अशा गाडीचे प्रामाणिक मूल्यांकन करणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे.