शिवसागर जलाशयात बोटींना वेगमर्यादा असावी का?

जावळीखोरे:
कोयना धरणाच्या फुगवट्याकाठी, म्हणजे शिवसागर जलाशयाकाठी, आमचे गाव आहे. धरण झाल्यावर जुनी वाट पाण्याखाली गेली, तेव्हापासून बाजार, दवाखाना आणि कॉलेज यांसाठी आम्ही लाँचनेच ये-जा करतो. तापोळा व बामणोली येथे पर्यटकांच्या बोटी पूर्वीपासून आहेत. मुनावळे येथे जलपर्यटन सुरू झाल्यापासून या भागाकडे येणाऱ्यांचा ओघ आणखी वाढला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र गेल्या दिवाळीत आमची लाँच काठाला लागत असताना एक स्पीड बोट अगदी शेजारून भरधाव गेली. तिच्या लाटेने लाँच इतकी हेलकावली, की उतरण्यासाठी फळीवर पाय ठेवलेली माझी चुलती पाण्यात पडली. पाणी कमरेएवढेच होते म्हणून निभावले. आता ग्रामसभेत वेगमर्यादेचा ठराव मांडण्याचा विचार आहे. गावातील काही मुलांचे पोट याच बोटींवर चालते, त्यामुळे विरोध घरातूनच होईल. अन्य ठिकाणी अशी मर्यादा आहे का, आणि ठरावात नेमका कोणता आकडा घालावा?

भीमाकाठ:
आपल्या चुलतींना दुखापत झाली नाही हे बरे झाले. तरीही ठरावात वेगाला पहिले स्थान देऊ नये, असे मला वाटते. 21 मे 2024 रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसवली होती व बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. तेथे 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडून मरण पावल्या. या दोन्ही ठिकाणी वेगमर्यादेची पाटी लावून कोण वाचले असते? जॅकेट, प्रवाशांची संख्या आणि वारा सुटल्यावर बोट न सोडण्याचा अधिकार, या तीन गोष्टी आधी लिहाव्यात.

सह्याद्री ते लेक डिस्ट्रिक्ट:
मी अनेक वर्षे इंग्लंडच्या उत्तरेत राहतो, म्हणून विंडरमियर सरोवराचे उदाहरण देतो. सुमारे 17 किलोमीटर लांबीचे हे सरोवर एके काळी वेगासाठीच प्रसिद्ध होते. सर हेन्री सीग्रेव्ह यांनी 1930 साली येथेच जलवेगाचा विक्रम केला आणि त्याच दिवशी बोट उलटून त्यांचा अंत झाला. पुढे वॉटर-स्कीइंग आणि पॉवर बोटी इतक्या वाढल्या, की शिडाच्या होड्या, वल्हवणारे आणि पोहणारे यांना जागाच उरेना. दीर्घ सार्वजनिक चौकशीनंतर सन 2000 मध्ये 10 नॉटची, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरची, मर्यादा मंजूर झाली, पण ती लागू झाली 2005 मध्ये. मधली पाच वर्षे बोटव्यावसायिकांना दुसरी सोय पाहण्यासाठी दिलेली होती. आपल्या गावातील मुलांचा प्रश्न वाचताना मला त्या पाच वर्षांची आठवण झाली. धंदा बुडेल ही भीती तिथेही होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. वॉटर-स्कीइंग करणाऱ्यांना ते सरोवर खरोखरच सोडावे लागले.

भीमाकाठ यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. वेगामुळे माणसांचा जीव जात नाही, असे आपल्याकडे म्हणता येणार नाही. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. प्रवासी बोट आपल्या वाटेने सरळ चालली होती.

यंत्रविद्या:
आकडा ठरवण्यापूर्वी लाट कशी उठते ते पाहावे, कारण मूळ तक्रार टकरीची नसून लाटेची आहे. सपाट बुडाची स्पीड बोट पूर्ण वेगात असताना पाण्यावर वर उचलली जाते आणि तुलनेने कमी पाणी ढकलते. अगदी हळू चालताना तिची लाट किरकोळच असते. या दोन्हींच्या मधल्या वेगात तिचे नाक वर आणि मागची बाजू खोल बसलेली असते, आणि सर्वांत मोठी लाट तेव्हाच उठते. पाच-सहा मीटर लांबीच्या बोटीसाठी 10 नॉट हा साधारण या मधल्या पट्ट्यातला वेग आहे. त्यामुळे विंडरमियरचा आकडा जसाच्या तसा उचलला, तर टकरीचा धोका पुष्कळ कमी होईल, परंतु धक्क्यावर फळीवरून उतरणाऱ्या बाईला कदाचित अधिकच मोठी लाट सोसावी लागेल.

म्हणून मला अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याची रीत अधिक पटते. तेथील विनिपसाकी सरोवरावर 2009 पासून दिवसा ताशी 45 मैल व रात्री 30 मैल ही मर्यादा आहे, आणि तिच्यावरून प्रचंड वाद झाला. त्याहून जुना नियम मात्र असा, की दुसरी बोट, पोहणारा माणूस, धक्का किंवा काठ यांपासून 150 फुटांच्या आत बोट अगदी संथ, ताशी सुमारे 6 मैलांनीच चालवायची. विरोधकांचे म्हणणेच हे होते, की हा नियम नीट पाळला तर वेगळ्या आकड्याची गरज नाही. माझ्या मते दोन्ही लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाची बोट पाच सेकंदांत 80 मीटरांहून अधिक जाते, आणि बोटीला ब्रेक नसतो.

सोळशीचा नावाडी:
मी याच पाण्यात लाँच चालवतो. आमचे पाणी विलायतेतल्या सरोवरासारखे एका पातळीला राहत नाही, ही गोष्ट वरच्या चर्चेत कोणी धरलेली नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटत जाते तसा काठ सरकतो. आश्विनात जिथे लाँच लागते तिथून वैशाखात खाली बराच उतार चालत जावे लागते, आणि बुडालेले बांध व झाडांची खोडे पाण्याच्या अगदी जवळ येतात. ठरावात ‘अमुक धक्क्यापासून अमुक खुणेपर्यंत’ असे लिहिले, तर ती खूण उन्हाळ्यात कोरड्या जमिनीवर उभी दिसेल. काठापासूनचे अंतर लिहिले, तर काठाबरोबर नियमही सरकेल. धंद्याचे म्हणाल, तर पर्यटकांना वेग हवा असतो हे खरे आहे, पण तो मधल्या रुंद पाण्यात देता येतो. उतारू चढ-उतार करत असलेल्या लाँचच्या शेजारून गेल्याने कोणाची कमाई वाढत नाही.

जावळीखोरे:
सर्वांचा आभारी आहे. ठरावाचा मसुदा बदलला आहे. आरंभी जॅकेट व प्रवासीसंख्या घेतली. त्यानंतर काठ, पोहणारे किंवा दुसरी बोट यांपासून 50 मीटरांच्या आत माणसाच्या चालीचा वेग, आणि सूर्यास्तानंतर पर्यटकांच्या बोटी बंद, असे लिहिले आहे. मधल्या पाण्यासाठी आकडा तूर्त घातलेला नाही. तो बोट क्लबच्या मुलांना बैठकीत बसवूनच ठरवू. ठरावाची एक प्रत जलसंपदा विभागाला आणि दुसरी महाराष्ट्र सागरी मंडळाला पाठवावी, असा विचार आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 मधील तरतुदींची कोणाला नीट माहिती असल्यास ग्रामसभेपूर्वी मसुद्यावर नजर टाकावी, ही विनंती.