आजीबाईंच्या पडवीतलं चॉकलेट

बेल्जियमच्या चॉकलेट फॅक्टरीत सगळं काचेपलीकडून बघावं लागलं, अशी तक्रार कुणीतरी केली होती, त्यावरून सांगावंसं वाटलं: कधी कोस्टा रिकाला गेलात तर तालामांका भागात ब्रिब्री आदिवासींच्या घरी चॉकलेट करतात ते नक्की बघा. आम्ही गेलो ते घर म्हणजे पत्र्याची पडवी, कोंबड्या आणि चूल, बस. आजीबाईंनी कोकोचं फळ फोडून पांढऱ्या गराच्या बिया हातात दिल्या, चोखायच्या, चावायच्या नाहीत, चव थेट सीताफळ आणि लिचीच्या मधली, चॉकलेटचा वासही नाही!! तो येतो बिया पाचसहा दिवस केळीच्या पानांखाली आंबवून, उन्हात वाळवून, भाजल्यावर. मग टरफलं काढायला सुपात पाखडलं तेव्हा मी न विचारताच सूप हातात घेतलं, सगळे हसले. दळताना गंमत बघा, पाण्याचा थेंब न घालता नुसत्या घर्षणाने पातळ काळा लगदा होतो, कारण दाण्यात निम्मं तर कोको बटर, म्हणजे कोकोचा स्निग्धांशच असतो.

ब्रिब्रींमध्ये कूळ आईकडून चालतं आणि विधीचा कोको करायचा मान बायकांचाच. १९७०च्या दशकाच्या शेवटी मोनिलिया बुरशीने तिथल्या कोकोच्या बागा पार झोपवल्या होत्या, त्यातून ही घरं परत उभी राहिलीत.

फक्त चॉकलेटची वडी घरी आणायला जाऊ नका, कोको बटर चौतीस अंशाला वितळतं, आमच्या बॅगेत सगळ्या कपड्यांना लागलं :( त्यापेक्षा भाजलेले दाणे आणा. दुधात उकळून घेतो आम्ही, वेलची घालून.