समोरचा एक कायमचा दात आला, जोडीचा दहा महिने झाले तरी नाही

खारी_बिस्कीट:
मुलीचं वय ८ वर्षं ९ महिने. वरच्या पटाशीच्या दातांपैकी डावा कायमचा दात दहा महिन्यांपूर्वी आला, पूर्ण उतरलाय. उजवीकडचा दुधाचा दातही तेव्हाच पडला, पण जागा अजून रिकामी. त्या जागेच्या पलीकडचा छोटा कायमचा दात मात्र यायला लागलाय आणि तो मोकळ्या जागेकडे झुकतोय. अडीच वर्षांची असताना तोंडावर पडली होती, नंतर त्याच बाजूचा दुधाचा दात काळपट झाला होता. हिरडीवर फुगवटा नाही, दुखत नाही. घरचे सल्ले: हिरडी घट्ट झालीय, मीठ चोळा, गाजर चावायला द्या, कॅल्शियम सुरू करा. थांबायचं की दाखवायचं? दाखवलं तर पुढे काय काय करतात?

निवांत_बसलेला:
घाई नको. दात वर्षभर पुढेमागे होतातच. वरचे समोरचे साधारण ७ ते ८ व्या वर्षी येतात, काहींना ९ पण होतात.

दाढेखाली:
निवांत, वर्षभर पुढेमागे होतं हे खरं, पण ते दोन्ही बाजूंना सारखं होतं. इथे वय बघायचंच नाही, जोडीदार बघायचा. एका बाजूचा दात येऊन सहा महिने उलटले आणि दुसरा नाही, की एक्स-रे. क्रम चुकला तरी एक्स-रे. मधला यायच्या आधी बाजूचा येणं म्हणजे क्रम चुकणं. खारी, तुमच्याकडे दोन्ही आहेत, वर लहानपणी पडल्याचा इतिहास. थांबू नका.

कॅल्शियमचं म्हणाल तर या दाताचं डोकं, म्हणजे तोंडात दिसणारा भाग, ४-५ व्या वर्षीच तयार झालेला असतो. आता गोळ्या देऊन तो खाली उतरत नाही. गाजर खुशाल द्या, भाजी म्हणून.

अडकायची कारणं अशी. सगळ्यात नेहमीचं म्हणजे जादा दात. वरच्या मधल्या दोन दातांच्या आसपास हाडात एखादा उपरा दात तयार होतो. निमुळता असेल तर बहुतेक वेळा खरा दात बाजूने वाट काढतो, फार तर वाकडा येतो. पिंपासारखा जाड, अनेक टोकांचा असेल तर वाट अडवून बसतो. दुसरं, मार. कायमच्या दाताचा कोंब दुधाच्या दाताच्या मुळामागेच, टाळूच्या बाजूला असतो. दुधाचा दात आत दाबला गेला तर कोंबाला धक्का बसतो आणि पुढे वाढताना मूळ कोनात वाकतं. असा दात ओठाकडे किंवा नाकाकडे तोंड करून राहू शकतो. तिसरं, दुधाचा दात फारच लवकर, चौथ्या-पाचव्या वर्षी गेला तर वर हाड आणि जाड हिरडी धरते. तुमच्याकडचा वेळेवर पडलाय, त्यामुळे ‘हिरडी घट्ट’ हे उत्तर मला पटत नाही.

खारी_बिस्कीट:
मग नेहमीच्या डेंटिस्टकडून हिरडीला नुसती चीर देऊन घेतली तर?

दाढेखाली:
एक्स-रेआधी अजिबात नको. दात अगदी हिरडीखाली असेल, पांढरट उंचवटा बोटाला लागत असेल, तरच छोटी खिडकी करून भागतं. तुमच्याकडे फुगवटाच नाही, म्हणजे दात वर आहे. उगाच कापलं तर तिथे व्रण धरतो, आणि नंतर दाताच्या मानेशी जी घट्ट गुलाबी हिरडी लागते ती कमी पडते.

अनवट:
एक्स-रेबद्दल थोडं, कारण बरेचदा एकच फिल्म काढून घरी पाठवतात. आधी त्या जागेची छोटी फिल्म, आयओपीए. मग एक्स-रे यंत्राची नळी बाजूला सरकवून तीच फिल्म पुन्हा. अडकलेला दात नळीच्या दिशेनेच सरकलेला दिसला तर तो टाळूकडे, उलट दिशेने सरकला तर ओठाकडे. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने करायची ते यावर ठरतं. मूळ वाकलेलं किंवा जादा दात मुळाला चिकटलेला वाटला तरच सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन, तेही तेवढ्याच भागाचं. सगळ्या जबड्याचा ओपीजी इतर दात मोजायला चांगला, पण समोरच्या भागात तो धूसर येतो. फक्त त्यावर निदान करू देऊ नका.

आणि जागा मोजा. आलेल्या डाव्या दाताची रुंदी घरी पट्टीने बघा, ८.५ ते ९ मिमी भरेल. उजवीकडची मोकळी जागा त्याहून कमी असेल तर अडथळा काढूनही दात उतरणार नाही. बाजूचा झुकतोय म्हणता, म्हणजे जागा खातोय. ही घाई खरी.

खारी_बिस्कीट:
आज मोजली. जेमतेम ६ मिमी. दिसतं त्यापेक्षा बरीच कमी निघाली.

अनवट:
मग मुलांच्या दातांचे डॉक्टर आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावून दात जागेवर आणणारे), दोघांनी एकत्र बघायला हवं. दंत महाविद्यालयात दोन्ही विभाग एकाच इमारतीत मिळतात. साधारण क्रम असा: चार पटाशीच्या दातांपैकी जे आलेत त्यांवर ब्रॅकेट (तार धरणारे छोटे तुकडे), मागे दोन्ही बाजूंच्या पहिल्या कायमच्या दाढेवर पट्ट्या, आणि तारेने जागा उघडायची. जादा दात असेल तर तो काढायचा. मूळ अजून अर्धवट आणि दाताची दिशा बरी असेल तर अडथळा काढून वर्षभर वाट बघतात, दात बरेचदा स्वतः उतरतो. मूळ बरंच झालेलं असेल किंवा दात फार वर असेल तर त्याच शस्त्रक्रियेत दात उघडा करून त्यावर बटण आणि बारीक साखळी चिकटवतात, हिरडी परत शिवतात, आणि पुढे साखळीला हलका ताण देत खाली ओढतात. यात घाई केली की मूळ झिजतं. साखळी सुटून येणं ही नेहमीची कटकट. तशी सुटली तर त्याच आठवड्यात दाखवा.

मूळ फारच वाकलेलं निघालं तर दात काढावाही लागू शकतो. हे आधीच विचारून ठेवा.

चिंचेचं_पान:
थोडं विषयांतर. माझा ११ चा आहे, वरचे सुळे नाहीत. हाच सहा महिन्यांचा नियम?

दाढेखाली:
सुळे ११-१२ ला येतात, त्यामुळे नसणं चुकीचं नाही. पण दहाव्या वर्षापासून ओठाच्या आतल्या बाजूला, दुधाच्या सुळ्याच्या वर बोट फिरवून गोल उंचवटा लागतो का ते बघतात. दोन्हीकडे लागला तर थांबा. एकीकडेच लागला किंवा कुठेच नाही, तर एक्स-रे. सुळा टाळूकडे वळलेला असेल आणि वेळेत कळलं, तर नुसता दुधाचा सुळा काढूनही तो बरेचदा मार्गावर येतो. तेराव्यानंतर ही सोय फारशी उरत नाही.

खारी_बिस्कीट:
सोमवारची वेळ घेतलीय. दोन फिल्म मागणार.

दाढेखाली:
दुधाचा दात काळा पडल्याचं आणि मुलगी किती महिन्यांची असताना तोंडावर पडली ते पहिल्याच वाक्यात सांगा. तेव्हाचा फोटो असेल तर तोही न्या.