अनुभव धागा : डमडमहून आलेल्या तबकड्या

परवा माळ्यावरून रेकॉर्डींची पेटी खाली काढली. आपल्याकडच्या बहुतेक 'कुत्रा छाप' (एचएमव्हीच्या, लेबलवर कुत्र्याचं चित्र असलेल्या) रेकॉर्डी कलकत्त्याच्या. सुरुवातीला गाणं इथे मुद्रित व्हायचं आणि तबकडी मात्र जर्मनीत हॅनोव्हरला बनून यायची. 1908 साली सियालदहला कारखाना निघाला आणि 1928 च्या सुमारास डमडमला मोठा कारखाना उभा राहिला. तर नाशिककरांनो, आवडत्या गाण्यांची यादी नको, त्याला शंभर धागे आहेत. तबकडी कशी बनायची, घरी कशी आली, कशी गेली, ते येऊ द्या.

नेहरूनगर, नाशिकरोड

वडील नोटांच्या प्रेसमध्ये. आमचा प्रेसही 1928 चाच, आणि त्याआधी तीन वर्षं सिक्युरिटी प्रेस सुरू झालेला. तोवर टपालाची तिकिटं लंडनहून छापून यायची, म्हणजे हॅनोव्हरचीच गोष्ट. वडिलांना गाण्यात फारशी गोडी नव्हती. पण नवी रेकॉर्ड आली की ती उजेडात तिरकी धरून, डोळ्याला भिंग लावून खाचा बघत बसायचे. "हीसुद्धा छपाईच. ठसा उलटा, माल सुलटा." आई वैतागायची, "अहो, लावा की आता!" एकदा म्हणाले, "आम्ही दिवसभर नोटा छापतो आणि झडती देऊन रिकाम्या हाताने घरी येतो. त्या डमडमवाल्यांना निदान गुणगुणत तरी घरी जाता येत असेल."

इंदिरानगर

डमडमवाले गुणगुणत घरी जात असतील का, या वरच्या काकांच्या शंकेला उत्तर माझ्याकडे आहे. सत्तरच्या दशकात नोकरीनिमित्त चार वर्षं कलकत्त्यात होतो. शेजारचे दादा डमडमच्या कारखान्यात प्रेसवर होते. ते सांगायचे, आधी खालचं लेबल ठेवायचं, त्यावर व्हिनाइलचा गरम गोळा, त्यावर वरचं लेबल. मग प्रेस मिटायचा. दोन्हीकडे निकेलचे ठसे. आधी वाफ, लगेच गार पाणी, अर्ध्या मिनिटाच्या आसपास रेकॉर्ड तयार. कडेला पसरलेली झालर कापून टाकायची. लेबलला डिंक लागत नाही, ते उष्णतेनेच चिकटतं, हे मला तिथे कळलं. मनगटावर त्यांच्या भाजल्याचे डाग होते. दुर्गापूजेला नवी बंगाली गाणी बाजारात आणायची पद्धत, त्यामुळे आधीचे दोन महिने ओव्हरटाइम. पूजेच्या मंडपात ती गाणी वाजायला लागली की दादा घरात येऊन खिडकी लावून घेत. गुणगुणणं कुठलं! "एकच गाणं हज्जार वेळा हातात आलंय, कानात कशाला?" म्हणायचे. (हे बंगालीत फार छान वाटायचं.)

पंचवटी

आजोबा विष्णु दिगंबर पलुस्करांच्या रामनाम आधाराश्रमात जायचे. तिथे अंगणात बागडणारा पलुस्करांचा मुलगा पुढे गायक बापूराव पलुस्कर म्हणून गाजला. त्यांची रेकॉर्ड आली तेव्हा आजोबांनी भुसा घातलेल्या खोक्यातून ती स्वतः सोडवली. 1955 साली बापूराव गेले, अवघ्या 34 व्या वर्षी. त्यानंतर ती रेकॉर्ड रामनवमीलाच लागायची, एरवी नाही. हात लावायची परवानगी आत्यालासुद्धा नव्हती.

सातपूर

आमच्याकडे कॅसेट आल्यावर एलपी गरम पाण्यात बुडवून वाट्या करायचं खूळ आलं होतं. मी तीन केल्या. फरसाण ठेवायला. काय ते बोलून घ्या.

सराफ बाजार

आमचा धंदा सोनारकीचा. पोकळ दागिन्यात लाख भरतात, ती आमच्या ओळखीची. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीतही लाखच, सोबत दगडाची पूड आणि काजळी. म्हणून ती जड आणि पडली की खल्लास. आजोबा फुटलेल्या तुकड्याचा वास घेऊन सांगायचे, "ही आपलीच."

2008 च्या सप्टेंबरात पूर आला. गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला, दुकानात पाणी. खालच्या कपाटात साठेक रेकॉर्डी होत्या. दोन दिवसांनी चिखलातून काढल्या, नळाखाली धुतल्या आणि पंख्याखाली सुती कापडावर उभ्या केल्या, कारण उन्हात वाकड्या होतात. पाण्याने लाखेचं फारसं बिघडलं नाही, पण लेबलांचा लगदा झाला. कुत्रा गेला, गायकांची नावं गेली. मग लेबलाशेजारी कोरलेली बारीक अक्षरं-आकडे भिंगातून वाचून मी वहीत उतरवले आणि एका संग्राहक मित्राला दाखवले. त्याने जवळजवळ सगळ्यांची नावं लावून दिली.

एक राहिली. एका बाजूचे आकडे खरवडले गेलेत. बाई गातात, मराठीच आहे, शेवटी तबल्यावर थाप पडायच्या आत कुणीतरी खोकतं. ऐकून कुणाला ओळखता येत असेल तर दुकानात या, सोमवार सोडून.