मदत हवी आहे: किनाऱ्यावर सापडलेल्या जबड्यावरून वय किती सांगावं?

दापोलीच्या बाजूला ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. भरतीनंतर पुळणीवर माणसाचा खालचा जबडा सापडला, बाकी एकही हाड नाही. पोलिसांना वयाचं प्राथमिक मत हवंय.

जबडा अखंड आहे, वाळूने घासून गुळगुळीत झालेला. पुढच्या दातांच्या खाचा रिकाम्या, पण कडा धारदार, म्हणजे ते दात मृत्यूनंतर गळले. उपदाढा-दाढांची जागा मात्र दोन्हीकडे भरून सपाट झालीय, आणि मेंटल फोरामेन (हनुवटीच्या बाजूचं, मज्जातंतू बाहेर येण्याचं छिद्र) वरच्या कडेला चिकटल्यासारखं दिसतं. जबड्याचा मागचा कोन मोजला तर साधारण 120 अंश. डावा सुळा तेवढा शिल्लक, टोक झिजून आतलं पिवळं डेंटिन उघडं पडलंय.

फोरामेन म्हणतं म्हातारा, कोन म्हणतो मध्यमवयीन. आपल्याकडे मिश्री-तंबाखूवाल्यांच्या दाढा म्हातारपणाची वाट बघत नाहीत. त्यामुळे वरच्या कडेच्या हाडाची झीज वयाची धरू की दाढा पडल्याची, इथेच गाडी अडलीय.

साधा एक्स-रे काढलाय, सुळ्याचं मूळ पूर्ण बंद आहे. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) रत्नागिरीला होऊ शकेल. गुस्टाफसन पद्धतीसाठी (दात कापून वय काढण्याची) सुळा कापता येणार नाही, तो डीएनएसाठी राखायचाय. लिंगनिश्चितीचं सध्या बाजूला ठेवा.

कॅमेरिएर पद्धतीने सुळ्याच्या पल्पचं (दाताच्या आतल्या पोकळीचं) प्रमाण एक्स-रेवर मोजून वयाची मर्यादा देणं, दात इतका झिजलेला असताना, कोर्टात टिकेल का? की ‘प्रौढ, 25 वर्षांवरील’ एवढंच लिहून थांबावं?